कार्ट्रिज रिफिल करून घट्ट सील केली, तर दोन पानांनंतर छपाई गायब

फळा_खडू
नमस्कार. इगतपुरीजवळच्या एका वाडीवर तिसरी-चौथीला शिकवते. घरी एचपीचा प्रिंटर आहे, 803 नंबरची काळी आणि रंगीत कार्ट्रिज लागते. आठवड्याला पन्नास-साठ वर्कशीट निघतात, तेही पदरमोड करून, म्हणून गेल्या महिन्यापासून घरीच रिफिल करायला घेतलं.

पहिल्या वेळी वरचं लेबल काढून काळीत 6 मिली शाई घातली. कार्ट्रिज टेबलावर ठेवली तर खाली तळं झालं. दुसऱ्या वेळी तेवढीच घातली, पण भोकांवर सेलोटेप आणि त्यावर एम-सील थापलं. गळायचं बरंच कमी झालं. पण आता दोन पानं झक्क येतात, तिसऱ्यावर पांढरे पट्टे, चौथं जवळजवळ कोरं. हेड क्लीनिंग तीनदा केलं, काही फरक नाही. रात्रभर तशीच ठेवली की सकाळी पुन्हा दोन पानं छान!

शिवाय रंगीतमधला पिवळा पोपटी यायला लागलाय. हिरवं सूर्यफूल बघून एक जण म्हणाला, "बाई, हे अजून पिकलं नाय का?"

एम-सील नीट बसलं नसेल का? तुम्ही सील करायला काय वापरता?

ओंकार_डोंबिवली
ताई, टँकवाला प्रिंटर घ्या आणि सुटा यातून. मी घेतला, तेव्हापासून सिरिंजला हात लावला नाही.

बार्शीचा_प्रिंटवाला
ओंकारभाऊ, टँक चांगलाच, पण ताईंकडे आहे तो प्रिंटर चालू करायचाय ना!

ताई, एम-सील उत्तम बसलंय. तोच तर घोळ झालाय.

माझं बारा वर्षं ऑनलाइन फॉर्म आणि प्रिंटचं दुकान आहे, कार्ट्रिज भरताना सगळ्या चुका करून झाल्यात. सुरुवातीला मीही तुमच्यासारखंच समजायचो की वरून झाकण लावलं म्हणजे शाई आत राहते. तसं नाही. शाई धरून ठेवतो आतला स्पंज. भिजवलेला स्पंज उचलला तर पाणी लगेच ठिबकत नाही, तसंच. वरच्या भोकाचं काम वेगळं आहे. खालून शाई गेली की तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. हवेची वाट बंद केली की आत ओढ तयार होते आणि शाई खाली उतरायला तयार होत नाही. स्ट्रॉमध्ये पाणी ओढून वरच्या टोकावर बोट दाबलं की पाणी लोंबकळत राहतं, तो खेळ तुमच्या वर्गातल्या पोरांनाही माहीत असेल. रात्रभरात कुठून तरी थोडी हवा शिरते, म्हणून सकाळची दोन पानं.

काढलेलं कंपनीचं लेबल टाकलं नसेल तर उलटं करून बघा आणि त्याखालचं प्लास्टिकही बघा. भोकापासून निघालेल्या बारीक नागमोडी खाचा दिसतील. हवा त्या खाचांतून लांबच्या वाटेने आत येते, आणि वाट लांब असल्यामुळे शाई वाळत नाही. म्हणजे मूळ सील पूर्ण बंद नसतंच.

आता पहिल्या वेळचं तळं. 6 मिली जास्त झाली. स्पंज टच्च भरला की त्याची धरायची ताकद संपते. मी या छोट्या काळीत 4 मिलीवर जात नाही, आणि तेही हळूहळू, दोन-तीन मिनिटं लावून. सुई स्पंजमध्ये खोलवर घालायची, भरत भरत वर आणायची. घाईत दाबलं की स्पंजमध्ये हवेचा फुगा अडकतो. भोकाशी शाई चमकली की थांबायचं आणि अर्धा-एक मिली परत ओढून घ्यायची. ही परत ओढायची पायरी लोक हमखास खातात, मग कार्ट्रिज गळते म्हणून बोंबलतात. माझ्याकडे सोनारासारखा छोटा डिजिटल काटा आहे. भरण्याआधी आणि नंतर वजन करतो. एक मिली शाई साधारण एक ग्रॅम भरते, त्यामुळे अंदाजपंचे काम राहत नाही.

आणि गंमत बघा, घट्ट सील केलेली कार्ट्रिज उन्हात जास्त गळते. बार्शीचा एप्रिल म्हणजे काय ते इथं येऊन बघा. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि शाईला खालून बाहेर ढकलते. एका गिऱ्हाईकाला भरलेली कार्ट्रिज मी फेव्हिक्विकने बंद करून दिली होती. स्कूटरच्या डिकीत तासभर राहिली, आणि डिकीत कार्ट्रिजबरोबर त्याच्या पोरीचा शाळेचा पांढरा शर्ट होता. त्या शर्टाचे पैसे मी दिले.

आज एवढंच करा: एम-सील खरवडून काढा, नवीन टेप लावा आणि भोकाच्या बरोबर वर टाचणीने एक टोचा मारा. नंतर नोझलची, म्हणजे शाई उडवणाऱ्या बारीक छिद्रांची बाजू घडी केलेल्या ओल्या टिश्यूवर दहा सेकंद टेकवा, दाबायची नाही, घासायची तर नाहीच. काळा पट्टा सलग उठला तर काम झालं. टोचा मारूनही उठला नाही तर आत फुगा आहे. मग कार्ट्रिज नोझल खाली करून रात्रभर टिश्यूवर ठेवा.

पोपटी पिवळ्याचं कारणही बहुतेक टेपच. तिन्ही भोकांवर एकच पट्टी लावली असणार, आणि वरचा भाग ओला असणार. टेपखालून शाई सरकत सरकत शेजारच्या भोकात जाते. निळ्याचा एक थेंबसुद्धा पिवळ्याला पुरतो. वरचं सगळं कोरडं पुसून प्रत्येक भोकाला वेगळा तुकडा लावा, आणि टोचाही वेगळा. कुठल्या भोकात कुठला रंग हे चित्रावरून ठरवू नका, कार्ट्रिजागणिक बदलतं. टूथपिक आत घालून बाहेर आलेला रंग बघायचा आणि प्रत्येक भोकाला नवी टूथपिक घ्यायची.

जुना_पिक्समा
थांबा, प्रत्येक कार्ट्रिजला हे लावू नका. माझ्याकडे कॅननचा आयपी4200 होता, त्यात पीजीआय-5 आणि सीएलआय-8 टाक्या बसायच्या. मी भरायचं भोक उघडं ठेवलं आणि सकाळी प्रिंटरखालची चादर जांभळी.

बार्शीचा_प्रिंटवाला
बरोबर बोललात दादा, मी फक्त 803 सारख्या, पूर्ण स्पंजवाल्या कार्ट्रिजचं बोललो. तुमच्या टाकीचे दोन भाग असतात, एका भागात स्पंज आणि दुसऱ्यात नुसती शाई. नुसत्या शाईच्या भागावर पाडलेलं भोक खरंच हवाबंद लागतं, मी तिथं ग्लू गन वापरायचो. नाहीतर सगळी शाई स्पंजकडे धावते आणि स्पंज ओसंडतो. स्पंजच्या भागावरचं हवेचं भोक मात्र उघडंच ठेवायचं.

फळा_खडू
शाई संपल्याचा मेसेज येतो तो कसा घालवायचा? आणि फाउंटन पेनची शाई चालेल का? घरी दौत भरून आहे.

बार्शीचा_प्रिंटवाला
दौत पोरांना द्या. पेनच्या शाईने नोझल तुंबतात. काळीत कंपनी पिगमेंट शाई, म्हणजे बारीक रंगकणांची शाई भरते, तुम्हीही पिगमेंटच घ्या. साधी डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, पाण्याचा थेंब पडला की पसरते, आणि इगतपुरीच्या पावसात तर वह्यांचं काय होईल! दोन्ही मिसळू तर अजिबात नका, गुठळ्या होतात.

मेसेजकडे दुर्लक्ष करा. प्रिंटर किती थेंब उडवले त्यावरून अंदाजे हिशोब ठेवतो, तुम्ही सिरिंजने काय केलं हे त्याला कळत नाही. ओके दाबून पुढे जा. पण छपाई फिकी व्हायला लागली की लगेच भरा, कोरडी चालवू नका. नोझलच्या मागे सुईच्या टोकाएवढा हीटर असतो, तो शाईला क्षणात उकळवून थेंब उडवतो. शाईच त्याला थंडही ठेवते, ती नसेल तर हीटर जळतो आणि मग कितीही भरा, त्या जागी रेघ राहणारच. तसं कॅननला हे तंत्र सिरिंजच्याच अपघातातून सुचलं. 1977 साली कॅननमध्ये इचिरो एंडो यांच्याकडून शाईच्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न लागलं आणि टोकातून शाई उडाली.

फळा_खडू
आत्ताच करून बघितलं. एम-सील निघता निघेना, शेवटी फूटपट्टीच्या कडेने खरवडलं. टाचणी मारली, टिश्यूवर टेकवली. सलग चौदा पानं काढली, चौदावं पहिल्याइतकंच काळं! पिवळ्याच्या कप्प्यातली शाई सिरिंजने ओढून काढली, ती बाटलीतल्यापेक्षा चक्क हिरवट होती. नवीन भरली. टिश्यूवर आता तीन पट्टे वेगवेगळे उठतात, पण पिवळ्याची एक कड अजून पोपटी आहे.

सूर्यफुलाची पानं सोमवारी काढेन. माझी उजवी तर्जनी आत्ता जांभळी आहे, साबणाने जात नाही. त्यावर काही आहे का?

बार्शीचा_प्रिंटवाला
हातमोजे. तेही आधी घालायचे असतात.