लेफ्टनंट-कमांडर युजीन एसमंड : एकाच हल्ल्यातील अठरा जणांना वेगवेगळे सन्मान कसे मिळाले?

दर्यावर्दी (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाविषयी, म्हणजे फ्लीट एअर आर्मविषयी, वाचताना लेफ्टनंट-कमांडर युजीन एसमंड यांचे नाव दोन प्रसंगांत येते. पहिला प्रसंग मे 1941 मधील ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्याचा, ज्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर (डीएसओ) मिळाली; दुसरा 12 फेब्रुवारी 1942 चा, इंग्लिश खाडीतून निसटणाऱ्या जर्मन युद्धनौकांवरील हल्ल्याचा, ज्यात ते मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माझ्या शंका दोन आहेत. ‘बिस्मार्क’चे सुकाणू निकामी करणारा पाणतीर (टॉर्पेडो) एसमंड यांच्याच तुकडीचा होता का? आणि दुसऱ्या हल्ल्यात अठरांपैकी तेरा जण मृत्युमुखी पडले असताना वाचलेल्यांना मोठी पदके आणि एसमंड वगळता मृतांना केवळ युद्धवृत्तांतात नामोल्लेख, असे का झाले असावे?

जुनी पाने

पहिल्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. 24 मे 1941 च्या रात्री ‘व्हिक्टोरियस’ या विमानवाहू नौकेवरून 825 व्या स्क्वॉड्रनच्या नऊ स्वोर्डफिश या पाणतीर टाकणाऱ्या विमानांनी एसमंड यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 120 मैलांवर असलेल्या ‘बिस्मार्क’वर हल्ला केला. त्यांचा एक पाणतीर नौकेच्या उजव्या कुशीला, मध्यभागी, लागला. परंतु तेथील चिलखती पट्टा जाड असल्याने थेट नुकसान किरकोळच झाले. सुकाणू अडकवणारा पाणतीर त्यानंतर दोन दिवसांनी, 26 मे रोजी, ‘आर्क रॉयल’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानांचा होता.

मात्र यावरून एसमंड यांची डीएसओ कमी मोलाची ठरत नाही. ‘व्हिक्टोरियस’ तेव्हा नुकतीच सेवेत आली होती, हवा अत्यंत वाईट होती, आणि नौकेचा दिशादर्शक संकेत बंद पडलेला असतानाही नऊच्या नऊ स्वोर्डफिश अंधारात परतल्या. माझ्या मते उड्डाणकौशल्य म्हणून पाहिले तर हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. त्यांचा जन्म 1 मार्च 1909 रोजी यॉर्कशरमध्ये झाला, पण घराणे आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यातील. वडील डॉक्टर आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. 1928 मध्ये एसमंड रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले, 1934 मध्ये बाहेर पडून इंपिरिअल एअरवेजचे वैमानिक झाले, आणि फ्लीट एअर आर्म पूर्णपणे नौदलाच्या ताब्यात आले त्या 1939 साली लेफ्टनंट-कमांडर म्हणून परतले. पुढे नोव्हेंबर 1941 मध्ये त्यांची तुकडी ‘आर्क रॉयल’वर असताना ती नौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, आणि त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल युद्धवृत्तांतात त्यांचा नामोल्लेख झाला.

पदकसंग्राहक

दुसरी शंका नियमांची आहे. त्या काळी शत्रूसमोरच्या शौर्यासाठी ब्रिटनमध्ये दोनच सन्मान मरणोत्तर देता येत असत: सर्वोच्च व्हिक्टोरिया क्रॉस आणि सर्वांत खालचा, युद्धवृत्तांतातील नामोल्लेख. मधली सगळी पदके, डीएसओसह, फक्त जिवंत व्यक्तींसाठी होती. त्यामुळे मृत वैमानिकाची शिफारस व्हिक्टोरिया क्रॉससाठी मान्य झाली नाही, तर तो थेट तळाच्या पायरीवर येत असे.

12 फेब्रुवारीला इंग्लंडमधील मॅन्स्टनच्या विमानतळावरून सहा स्वोर्डफिश उडाल्या, प्रत्येकीत तिघे. वाचले पाच. त्यांपैकी रोझ, ली, किंग्जमिल आणि सॅम्पल्स हे चौघे अधिकारी होते, म्हणून त्यांना डीएसओ मिळाली. पाचवे, बन्स, अधिकारी नव्हते, म्हणून त्यांना कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल देण्यात आले. म्हणजे जगणे-मरणे ही एक चाळणी आणि हुद्दा ही दुसरी.

या नियमाचा अन्याय सर्वांत ठळक दिसतो तो एसमंड यांच्याच विमानातील तोफची क्लिंटन यांच्या बाबतीत. विमानाच्या शेपटाकडच्या कापडाने पेट घेतला तेव्हा ते जागेवरून बाहेर येऊन विमानाच्या धडावर स्वार झाले, हातांनी आग विझवली आणि पुन्हा बंदुकीपाशी जाऊन बसले, असे वर्णन आहे. त्यांच्या वाट्याला नामोल्लेखच आला.

शंकेखोर

एक अप्रिय प्रश्न विचारतो. ‘शार्नहॉर्स्ट’, ‘ग्नायझनाऊ’ आणि ‘प्रिन्स ऑयगेन’ या जर्मन युद्धनौका भर दिवसा इंग्लिश खाडीतून निसटल्या, एकही पाणतीर लागला नाही, आणि तीन आठवड्यांच्या आत, 3 मार्चला, व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. वरिष्ठांचे अपयश झाकण्यासाठी तर हा सन्मान दिला गेला नसेल?

जुनी पाने

अपयश वरिष्ठांचे होते, यात वाद नाही. जर्मन नौका रात्रीच्या अंधारात खाडीच्या अरुंद भागातून जातील असे गृहीत धरून स्वोर्डफिशचा बेत आखला होता. प्रत्यक्षात त्या 11 तारखेच्या रात्री फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरातून निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोव्हरपाशी पोहोचल्या. ताशी जेमतेम 220 किलोमीटर वेग असलेली, कापडी आवरणाची दुपंखी विमाने अशा वेळी धाडणे म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक होते. संरक्षणासाठी स्पिटफायर विमानांच्या पाच तुकड्या येणार होत्या, पण ठरल्या वेळी दहाच विमाने आली, आणि अधिक थांबल्यास नौका हातून जातील म्हणून एसमंड तेवढ्यांनिशी निघाले. सहा स्वोर्डफिशपैकी मागच्या तीन विमानांतील एकही जण वाचला नाही.

परंतु व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस मॅन्स्टन तळाचे प्रमुख, विंग कमांडर टॉम ग्लीव्ह, यांनी केली होती. ते स्वतः 1940 च्या हवाई लढाईत गंभीर भाजलेले वैमानिक होते आणि त्यांनी एसमंड यांना निघताना पाहिले होते. त्यांना कोणाचे अपयश झाकायचे होते, असे मला वाटत नाही. सरकारला ती शिफारस सोयीची वाटली असेल, ही गोष्ट निराळी.

दर्यावर्दी

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. आपल्याकडे मरणोत्तर पदकांचा असा नियम आहे का?

पदकसंग्राहक

नाही. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तिन्ही मरणोत्तर देता येतात. 1971 च्या युद्धात ‘खुकरी’ या युद्धनौकेबरोबर बुडालेल्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, आणि त्याच युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरील सी हॉक विमानांच्या तुकडीचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट-कमांडर संतोषकुमार गुप्ता यांनाही महावीर चक्रच मिळाले, ते हयात असताना. ब्रिटनमध्ये मधल्या अनेक शौर्यपदकांवरील ही अट 1979 मध्ये काढली गेली.

एसमंड यांच्या पदकांविषयी आणखी एक नोंद. डीएसओ त्यांनी 11 फेब्रुवारीला, म्हणजे शेवटच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, बकिंगहॅम राजवाड्यात स्वीकारली होती. त्यांचा मृतदेह एप्रिलच्या अखेरीस टेम्सच्या मुखाशी सापडला आणि जिलिंगहॅम येथे त्याचे दफन झाले; त्याआधीच, मार्चमध्ये, त्यांच्या आईने राजाच्या हातून व्हिक्टोरिया क्रॉस घेतला होता. त्या महायुद्धात फ्लीट एअर आर्मला व्हिक्टोरिया क्रॉस दोनच मिळाले. दुसरा कॅनडाचे रॉबर्ट हॅम्प्टन ग्रे यांचा, 9 ऑगस्ट 1945 रोजी जपानच्या ओनागावा उपसागरातील हल्ल्यासाठी, आणि तोही मरणोत्तरच.