वायरमॉक: एकेक टेस्ट क्लास पास, सगळे मिळून चालवले की 'कनेक्शन रिफ्यूज्ड'

हळदीचा_कोडर, सांगली
मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर करतोय. सौदा, वजन झालं की हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याची पट्टी निघते आणि बँकेच्या एपीआयवरून पैसे खात्यावर. बँकेचा टेस्ट सर्व्हर कधी चालू, कधी बंद, म्हणून वायरमॉक (खऱ्या सर्व्हरच्या जागी ठरवलेली उत्तरं देणारा खोटा सर्व्हर) घेतलं. प्रोजेक्ट जावाचा, स्प्रिंग बूट, टेस्टला जेयुनिट ५. बेस क्लासमध्ये स्टॅटिक वायरमॉक-एक्स्टेन्शन, डायनॅमिक पोर्ट (मोकळा मिळेल तो), आणि डायनॅमिक-प्रॉपर्टी-सोर्समधून बँकेची यूआरएल तिकडं वळवलीय. सुटा क्लास चालवला तर हिरवागार. मेव्हन या बिल्ड टूलनं सगळे चालवले की पहिला पास, पुढचे आडवे. पोर्ट फिक्स केला तर चालतं, पण बिल्ड मशीनवर दोन ब्रँचचे बिल्ड एकदम चालतात, तिथं पोर्टवरनं भांडणं.

मिरज_जंक्शन
बेस क्लासवर डर्टीज-कॉन्टेक्स्ट लाव, म्हणजे क्लास संपला की स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट टाकून दिला जाईल. सुटलं.

जुना_जावावाला
सुटेल, पण दर क्लासला स्प्रिंग पहिल्यापासून उठणार. मी तरी नाही लावणार.

कारण असं: पहिला क्लास संपला की एक्स्टेन्शन सर्व्हर बंद करतं, दुसऱ्याला नवीन पोर्टवर चालू करतं. स्प्रिंग मात्र कॉन्टेक्स्ट (त्यानं उभ्या केलेल्या ऑब्जेक्टचा, म्हणजे बीनचा, संच) कॅशमधनं तोच देतं, त्यातल्या बीनमध्ये जुनाच पोर्ट. तिथं कोण ऐकणार?

एक्स्टेन्शन काढ. बेस क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये वायरमॉक-सर्व्हर स्वतः चालू कर, डायनॅमिक पोर्टवरच, आणि बंद करूच नको. जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) संपलं की तोही जाईल. बिफोर-ईचमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टच्या आधी, रीसेट-ऑल.

आणि राव, नुसते २०० चे, म्हणजे 'यशस्वी'चे, स्टब (ठरवून दिलेली उत्तरं) लिहून थांबू नकोस. पैशाचं काम आहे. स्टबला फिक्स्ड-डिले (ठरावीक उशीर) दे, तुझ्या रीड टाइमआउटपेक्षा जास्त. टाइमआउट आला म्हणजे पैसे गेले नाहीत असं नसतं. बँकेनं ते पाठवलेले असू शकतात. तुझ्या कोडनं परत पोस्ट मारलंच, तर दोन्ही वेळी पट्टीचा संदर्भ क्रमांक तोच गेला का, हे व्हेरिफाय (वायरमॉककडं आलेल्या विनंत्या तपासणारं) लावून बघ. बँक तो क्रमांक बघून दुसरी विनंती अडवते का, हे मात्र वायरमॉक सांगणार नाही, त्यांच्या कागदपत्रातच बघावं लागेल.

हळदीचा_कोडर, सांगली
स्टॅटिक ब्लॉकनं सगळे पास झाले दादा. रीसेट-ऑलनं आधीच्या टेस्टच्या विनंत्यांची नोंदही पुसली जाते ना? नाहीतर व्हेरिफायचा आकडा चुकायचा.

जुना_जावावाला
पुसली जाते. स्टब, नोंद, सिनारिओ, सगळंच. फक्त टेस्ट पॅरलल करू नकोस, सर्व्हर एकच आहे. एकीचे स्टब दुसरी पुसेल.