लाउड कुटुंब: कॅमेऱ्याने संसार दाखवला की मोडला?

उंबरठा
परवा कुणीतरी लिहिलं होतं की 'ॲन अमेरिकन फॅमिली' ही अमेरिकी माहितीपट-मालिका म्हणजे 'बिग बॉस'ची आजी. नातं मान्य, पण आजीवर अन्याय होतोय. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराचं लाउड कुटुंब, म्हणजे बिल, पॅट आणि पाच मुलं. ॲलन आणि सुझन रेमंड हे जोडपं १९७१ मध्ये सात महिने त्यांच्या घरात चित्रण करत होतं. सुमारे ३०० तासांच्या फिल्ममधून निर्माता क्रेग गिल्बर्टने १२ भाग काढले आणि जानेवारी १९७३ पासून ते पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर दर आठवड्याला लागले.

महायुद्धानंतरची अमेरिका कशी बदलली हे सांगताना बहुतेक माहितीपट मोर्चे आणि भाषणं दाखवतात. इथे बदल घरात घडताना दिसतो. नवव्या भागात बिल कामाच्या दौऱ्यावरून परततो. पॅट त्याच्या हातात वकिलाचं कार्ड ठेवते आणि घर सोडायला सांगते. आदळआपट नाही, रडारड नाही. आता संदर्भ बघा. १ जानेवारी १९७० पासून कॅलिफोर्नियात कुणाचा दोष शाबित न करता घटस्फोट मिळू लागला होता (कायद्यावर सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, घ्या!). त्याआधी व्यभिचार, छळ, काहीतरी कोर्टात सिद्ध करावं लागे. ते कार्ड इतक्या शांतपणे देता येतं, त्यामागे हेही आहे.

खडूस
साफ असहमत. तुम्ही ज्याला घडताना पाहणं म्हणताय ते आधी ठरवून दाखवलेलं आहे. पहिला भाग सुरू कुठून होतो? चित्रणाच्या शेवटच्या दिवसापासून, ३१ डिसेंबर १९७१ च्या पार्टीपासून. तेव्हा बिल घराबाहेर पडलेला आहे. म्हणजे प्रेक्षकाला निकाल आधीच सांगून टाकला. मग पुढचे अकरा आठवडे तो साध्या नाश्त्याच्या टेबलावरही भांडणाची चाहूल शोधत बसणार. शीर्षकातला 'फॅमिली' हा शब्दसुद्धा तडकलेल्या काचेसारखा फुटतो. गिल्बर्टचं स्वतःचं लग्न त्याच सुमारास मोडलं होतं, हेही विसरू नका. संकलनाने आमची वाईट बाजूच तेवढी ठेवली, अशी तक्रार खुद्द लाउड मंडळींनी डिक कॅव्हेटच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात जाऊन केली.

उंबरठा
पार्टीचा मुद्दा चोख आहे. पण बिलची बाहेरची प्रकरणं पॅटला चित्रीकरणाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. कॅमेऱ्यावर किती पावत्या फाडणार?

मेधा_बेएरिया
तुम्ही दोघं घटस्फोटातच अडकलात. माझा आक्षेप 'अमेरिकन' या शब्दाला आहे. स्विमिंग पूल असलेलं घर, खाणकामाच्या यंत्रांचे भाग विकणारा गोरा बाप. यात अमेरिका किती? मी सॅन होजेला राहते. सॅलिनास तासाभरावर आहे, तिथे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत दिवसभर ओणवी असलेली माणसं रस्त्यावरून दिसतात.

म्हणून महायुद्धानंतरची खरी अमेरिका दाखवण्यात माझं मत फिरत्या शेतमजुरांवरच्या १९६० च्या 'हार्वेस्ट ऑफ शेम' या माहितीपटाला. सीबीएस वाहिनीने तो २५ नोव्हेंबरला दाखवला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्याच दिवशी. आदल्या दिवशी ताटात आलं ते कुणी तोडलं, हे पत्रकार एडवर्ड मरो यांनी देशाला ऐकवलं. सुरुवातीलाच फ्लोरिडातला भल्या पहाटेचा मजूर-बाजार आहे. मुकादम मजुरीचे दर ओरडतायत आणि माणसं ट्रकमध्ये चढतायत. पाठोपाठ एका शेतमालकाचं वाक्य येतं: पूर्वी आम्ही गुलाम विकत घ्यायचो, आता भाड्याने घेतो. १९६२ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या आरोग्यसेवेचा कायदा झाला. तो एका कार्यक्रमामुळे झाला असं मी म्हणत नाही, पण विषय लोकांपुढे आला होता. लाउडांमुळे कुठला प्रश्न पुढे आला?

खडूस
मेधाताई, मरोंचा पुढचा अध्याय राहिला. १९६१ मध्ये ते सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख झाले आणि हाच माहितीपट बीबीसीने दाखवू नये म्हणून खटपट करू लागले! बीबीसीने दाखवलाच.

मेधा_बेएरिया
ठाऊक आहे. त्यात मरोंची शोभा झाली, चित्रण खोटं ठरलं नाही.

इंद्रधनू
'कुठला प्रश्न पुढे आला' याचं उत्तर मी देतो: लान्स. थोरला मुलगा. दुसऱ्या भागात पॅट त्याला भेटायला न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात जाते. तो समलिंगी आहे हे न सांगता कळतं. घोषणा नाही, डॉक्टर नाही, पार्श्वसंगीतात सुतक नाही. आई पाहुणचार घेते, थोडी अवघडते, पण मुलगा तो मुलगाच राहतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून काढलं ते डिसेंबर १९७३ मध्ये, म्हणजे मालिका संपल्यावर. समीक्षकांनी त्याच्यावर वाट्टेल ते लिहिलं, तर गावोगावच्या मुलांनी त्याला पत्रं पाठवली.

आणि खडूसराव, २००१ मध्ये लान्स मरणाच्या दारात असताना त्याने त्याच रेमंड जोडप्याला चित्रण करायला बोलावलं. आई-वडिलांनी पुन्हा एकत्र राहावं ही त्याची इच्छा होती, आणि ते राहिलेही. कॅमेऱ्याने घर मोडलं म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं?

खडूस
लान्सला कॅमेरा हवा होता, मान्य. तो आधीही त्याच्यासमोर खुलायचा. पण घरात आणखी चार मुलं होती. धाकटी मिशेल तेव्हा शाळेत जात होती. आपले आई-बाप वेगळे होताना सारा देश बघणार आहे, याला होकार तिच्या वतीने कुणी दिला?

उंबरठा
पॅट आणि बिलने. मुलांच्या बाबतीतले बाकीचे निर्णयही तेच घेत होते.

खडूस
बाकीचे निर्णय १२ भागांत दाखवले गेले नसते.