मोटरहोम घेताना आधी बेड बघायचा की बॉनेट?

उद्यमनगरचा पाना
आमचे मेहुणे गारगोटीचे. निवृत्तीनंतर मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, बांधून घ्यायचं त्यांनी मनावर घेतलंय. फोर्सची ट्रॅव्हलर व्हॅन, टाटाची विंगर व्हॅन की केबिन पुढं झुकणारी छोट्या ट्रकची चासी (बॉडीखालचा सांगाडा), एवढ्यावर गाडी अडलीय. बॉडी बांधणाऱ्यानं नकाशा दाखवला. बेड, बेसिन, फ्रिज, सगळं त्यात आहे. मी विचारलं, फॅन बेल्ट बदलायला हात कुठून घालायचा? तर म्हणे, ते नंतर बघू.

माझं म्हणणं सरळ आहे. इंजिनापर्यंत हात किती सहज पोचतो, यावर गाडी निवडा, गाद्या नंतर. ट्रॅव्हलरचं बॉनेट आखूड, इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये दोन सीटांच्या मधल्या कव्हरखाली असतो. तिथंच लोक चहाचं कपाट ठोकतात. मग साधा होज, म्हणजे रबरी पाइप, फुटला तरी आधी सुतार बोलवा, मग फिटर.

रंकाळ्यावरचा
पटलं नाही, भावा. माणूस गाडीत राहणार की इंजिनात? १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६ झाल्या, म्हणजे धुराचे नियम कडक झाले. सेन्सर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल सोडणारी यंत्रणा). बिघाड झाला की स्कॅनर लावल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. करूळ घाटात बॉनेट उघडून तू करणार काय, आरती? सर्व्हिस सेंटर किती गावांत आहे ते बघा, वॉरंटी बघा, आणि बेड नीट सहा फुटांचा करून घ्या. मेहुण्यांच्या पाठीचा विचार कोण करणार?

उद्यमनगरचा पाना
स्कॅनर कोड सांगतो, गळका होज बदलत नाही. वाटेत माणसाला अडवतात ते बेल्ट, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) पाइप, डिझेल फिल्टरमधलं पाणी, सेल्फ, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. ही कामं बीएस-६ मध्येही पान्यानंच होतात. आणि सर्व्हिस सेंटरवालासुद्धा तुझं कपाट उतरवायचे पैसे घेतोच. कित्येक ठिकाणी तर "बाहेरचं फर्निचर आम्ही काढणार नाही, काढून आणा" म्हणतात.

शिरोली एमआयडीसी
फिटर म्हणून बोलतो. झुकणाऱ्या केबिनला नावं ठेवणार नाही, अख्खं इंजिन समोर येतं, काम करायला मजा येते. पण मोटरहोमला ती जमतेच असं नाही. केबिनवर बेड पुढं काढला आणि तो मागच्या खोलीला जोडला, की केबिन झुकायची बंद. केबिनमधून मागं जायला दार ठेवलं तरी तीच गत. म्हणजे ज्या सोयीसाठी ट्रक घेतला ती पहिल्याच दिवशी गेली. शिवाय झुकवण्याआधी केबिनमधलं सामान काढायचं, नाहीतर पाण्याच्या बाटल्या काचेवर.

विंगरला इंजिन पुढं आणि ओढही पुढच्या चाकांना. मागच्या चाकांना ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट नाही, फरशी खाली मिळते, उभं राहायला बरं. पण क्लचप्लेटचं काम निघालं तर ड्राइव्ह शाफ्टही उतरवावे लागतात, मजुरी वाढते. आणि पाण्याची टाकी, बॅटऱ्या सगळं मागं लादलं तर चढाला, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं हलकी पडतात. गगनबावड्याचा पाऊस माहीत आहे ना?

रंकाळ्यावरचा
मग बसच्या चासीवर मागच्या इंजिनाची का नको? पुढं आवाज नाही, ऊन लागल्यासारखी गरम हवा नाही. मागचं दार उघडलं की इंजिन.

शिरोली एमआयडीसी
दार उघडलं की दिसते इंजिनाची एकच बाजू. बाकीचं वरून, म्हणजे बेडच्या खालून. गादी उचला, फळी काढा. आणि बेल्ट किंचाळायला लागला किंवा कूलंटचा वास आला, तर पुढं बसलेल्याला ते उशिरा कळतं. मागं धूळ उडते, ती रेडिएटरमध्ये बसते, तो वरचेवर साफ ठेवायचा. बारा मीटरची गाडी असेल तर एकवेळ ठीक. दोन माणसांना एवढी कशाला?

सरनोबतवाडीकर ताई
तुम्ही दोघं पान्यावरून भांडताय. इंजिनाचं कव्हर केबिनमध्ये उघडतं, तर त्याच्या कडेच्या रबराचं काय? ते नीट बसलं नाही तर उष्णता आणि धूर आत येतो, आणि आत माणसं झोपतात. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) तर वासही येत नाही. मी तरी बाहेरून उघडणारं बॉनेट घेईन, हात कमी पोचला तरी चालेल. आणि कुठलीही घेतली तरी आत सीओ अलार्म हवाच.

उद्यमनगरचा पाना
ताई, रबराचा मुद्दा एकदम बरोबर. पण जुनं झालं की रबर बदलता येतं, आखूड बॉनेट लांब करता येत नाही.

कागल बॉडी बिल्डर
चूक ना बॉनेटची, ना ट्रॅव्हलरची. चूक आमची, बांधणाऱ्यांची. आम्ही कव्हरभोवती कपाट स्क्रूनं पक्कं करतो. ते चार नटांवर, बाजूला सरकणारं केलं तर काम अर्ध्या वेळात. पाण्याची टाकी गिअरबॉक्सखाली टांगतो, मग गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी टाकी सोडा. डिझेलच्या टाकीवर पंपाच्या वर झाकण न ठेवता प्लायवूड मारतो. डीपीएफजवळून पाण्याचा प्लास्टिक पाइप नेणारेही बघितलेत, डीपीएफ इतका तापतो की पाइप मऊ होतो.

मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं मानक आहे, आणि नोंदणी झाल्यावर मोठा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून झाकणं नकाशातच मागा, गाडी तयार झाल्यावर नाही.

रंकाळ्यावरचा
बघा, म्हणजे मुद्दा चासीचा नाहीच, नकाशाचा आहे. मग मेहुण्यांनी बेड बघूनच निवडावं, आणि झाकणाचं बांधणाऱ्याकडून लिहून घ्यावं. मी मागं हटत नाही.

उद्यमनगरचा पाना
लिहून घेणार, पण आधी तयार गाडी उभी करून बघणार. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी), कूलंट, बेल्ट, डिझेल फिल्टर, हे चार फर्निचर न उचलता दिसले पाहिजेत. मेहुण्यांना हात पोचला नाही तर मी नकाशा परत पाठवायला लावीन. कागलवाले अण्णा, ट्रॅव्हलरवर सरकणारं कपाट बांधून देणार असाल तर रविवारी आणतो त्यांना. बेड किती फुटांचा बसेल तेही तेव्हाच मोजू, नाहीतर रंकाळ्यावरचा झोपू द्यायचा नाही.