मदत हवी आहे: पेप्टाइड पेशीत गेलंय की नुसतं चिकटलंय?

नमस्कार मंडळी. सांगलीत एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये अडकलेय. हे काम स्वतः केलेलं कुणी असेल तर सांगा.

पेप्टाइडला (अमिनो आम्लांची छोटी साखळी) हिरवा चमकणारा रंग जोडलाय आणि त्याचे दोन भाग आहेत. पुढे टॅट, म्हणजे एचआयव्हीच्या प्रथिनातला अकरा अमिनो आम्लांचा तुकडा. त्याच्यावर आठ धन भार आहेत, त्याच्या जोरावर ते आत शिरतं. (टॅट प्रथिन पेशीत आपोआप जातं हे 1988 पासून माहीत आहे.) मागे एनबीडी, तोही अकराचाच. तो आयकेके आणि निमो या पेशीतल्या दोन प्रथिनांची गाठ पडू देत नाही, म्हणून दाह पेटवणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होत नाही. मॅक्रोफेजना (रोगजंतू गिळणाऱ्या पेशी) एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला रेणू, दिलं की त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि ते ओळखणारं ग्रीसचं (Griess) द्रावण टाकलं की वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, गुलाबी होतो. पेप्टाइड लागू पडलं तर गुलाबी फिकं पडायला हवं.

आमच्याकडे कॉन्फोकल (पेशीच्या आतला एकेक थर दाखवणारा मायक्रोस्कोप) नाही. कोल्हापूरला वेळ मिळाली, पण जिवंत पेशी एसटीतून नेणार कशा? इथेच फॉर्मल्डिहाइडने फिक्स करून (म्हणजे पेशी मारून आहे तशा टिकवून) स्लाइडी डब्यातून नेल्या. केंद्रकं हिरवीगार! सर खूश, मीही. परत आल्यावर सहज म्हणून फिक्स न केलेल्या पेशी आमच्या जुन्या फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपखाली धरल्या. केंद्रक काळंच, भोवती मोहरी सांडावी तसे हिरवे ठिपके.

त्यात कंट्रोलचा घोळ. एनबीडीतले दोन्ही ट्रिप्टोफॅन काढून अलॅनिन घातलेलं पेप्टाइड निकामी असायला हवं. त्यानेही वेल फिकट, थोडे कमी, पण नुसत्या डोळ्यांना कळण्याइतके. सर म्हणतात, "फोटो छान आलाय, लिहून टाक."

प्रतिसाद १
ताई, लिहू नका. फिक्स करताना पडदा फाटतो आणि बाहेर चिकटलेलं पेप्टाइड केंद्रकात जाऊन बसतं. यात भलेभले फसलेत. ठिपके म्हणजे एंडोसोम, पेशी बाहेरचं गिळते त्या आम्लधर्मी पिशव्या. पेप्टाइड तिथेच अडकलं तर आयकेकेपर्यंत पोचणार कसं? त्यात तुमचा हिरवा रंग एफआयटीसी असेल तर आम्लात तो मंद होतो, म्हणजे दिसतंय त्याहून जास्तही असेल. बाहेर चिकटलेलं काढायला हेपरिनने धुवा, ट्रिप्सिन द्या (प्रथिनं कापणारं एन्झाइम, लायसिन-आर्जिनिनपाशीच कापतं, टॅटमध्ये दुसरं आहेच काय!), मग जिवंत पेशी बघा.

कंट्रोलचं म्हणाल तर एलपीएस ऋणभारित आहे, वेलमध्येच टॅट त्याला धरून बसत असेल. आधी तासभर पेप्टाइड, मग धुणं, मग एलपीएस. एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते बघायची चाचणी) केलं का? मेलेल्या पेशीही गुलाबी देत नाहीत.

धागाकर्ती
एमटीटी केलंय, पेशी ठीक आहेत. पेप्टाइड आणि एलपीएस मात्र एकदमच घातलं होतं. कपाळ माझं! हेपरिन मागवायला वेळ लागेल, मेडिकलमधलं इंजेक्शन चालेल?

प्रतिसाद १
धुण्यापुरतं चालेल. फक्त लेबल वाचा, बेंझिल अल्कोहोल घातलेलं नको.