मदत हवी आहे: दोन ऑफिसं, एक लॅपटॉप, वेगवेगळे आयपी

नमस्कार मंडळी. सातपूर आणि अंबड, दोन्ही ऑफिसांत एकच लॅपटॉप वापरतो. विंडोज ११ प्रो आहे. दोन्हीकडे केबलच लावायची, वायफायला परवानगी नाही. नाहीतर प्रत्येक वायफायला वेगळा आयपी देऊन प्रश्न मिटला असता. सातपूरला स्टॅटिक आयपी (हाताने भरलेला, न बदलणारा नेटवर्क पत्ता) आणि प्रॉक्सी (इंटरनेटसाठी मधला सर्व्हर), अंबडला दुसरा स्टॅटिक आयपी, प्रॉक्सी नाही.

विंडोजच्या 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन'मध्ये (पर्यायी आयपी ठेवायची सोय) एकच पत्ता बसतो. 'नेटशेल'च्या (netsh, विंडोजमधलं नेटवर्क सेटिंग बदलायचं साधन) कमांडची बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी फाइल) व्यवस्थित चालते, पण दर वेळी अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो आणि तो आयटीवाल्यांकडे. ते एकदाच सेटिंग करून द्यायला तयार आहेत, कायमचे अ‍ॅडमिन हक्क मात्र नाहीत. बाहेरचं सॉफ्टवेअरही चालणार नाही.

माझा युजर विंडोजच्या 'नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स' गटात (फक्त नेटवर्क सेटिंग बदलायचे हक्क असलेला गट) टाकला, तर तीच फाइल पासवर्डशिवाय चालेल का? प्रॉक्सीही त्यातूनच चालू-बंद कशी करायची?