होस्टेलवर चक्कर येते, एचबी (हिमोग्लोबिन) ८.४ निघालं, गोळ्या सुरू करू का?

मी बीएस्सी सेकंड इयरला, गाव चिमूरकडे, लेडीज होस्टेलवर राहतो. दिवाळीपासून जिना चढला की दम लागते, प्रॅक्टिकलले उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, परवा तर बीकर हातातून सुटलं. लॅबमध्ये रक्त दिलं तर एचबी ८.४. मैत्रीण म्हणते मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आण अन् सुरू कर, शाळेत निळ्या गोळ्या खायचो तशाच तर आहेत. पाकीट आणून ठेवलं पण घ्यायची हिंमत होत नाही. घरी सांगितलं नाही, बाबा धान चुरण्यात आहेत, उगाच धावत येतील. काय करू?

नर्सताई
पोरी, पाकीट ठेव बाजूला आणि आधी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी कर. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली-गोंदिया पट्ट्यात एचबी कमी म्हणजे लोहच कमी असं धरून चालता येत नाही. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलवाल्याची विळ्यासारखी वाकडी होऊन १०-२० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी राहते, अन् लोह कमी नसताना गोळ्या खात राहिलं तर ते अंगात साचते. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सिकलसेलची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, फुकट होते, पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करून घ्यायचीच, कारण पहिल्या टेस्टमध्ये वाहक (आईबापापैकी एकाकडूनच सिकलचा जीन आलेला, स्वतः आजारी नसलेला) कोण अन् आजारी कोण हे कळत नाही. सोबत फेरिटिनचं (अंगातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या टेस्टचं) विचार. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरले सांग, लाजू नको. आणि बसल्या जागी दम लागला किंवा छातीत धडधड झाली तर सकाळची वाट पाहू नको.

एएस रिपोर्टवाला
मी वाहक आहे, रिपोर्टात एएस म्हणजे तेच, कॉलेजात कॅम्प लागला तेव्हा कळलं. दोन दिवस जेवलो नाही, वाटलं संपलं आता. मग डॉक्टरनं सांगितलं की वाहक माणूस बाकीच्यांसारखाच जगते, फक्त लग्नाच्या वेळी समोरच्याची टेस्ट पाहायची, दोघंही वाहक असले तर प्रत्येक लेकराले आजार व्हायची शक्यता २५ टक्के. मले एवढंच म्हणायचं की रिपोर्ट काहीही येवो, एकटी घेऊन बसू नको. लय भीती वाटली तर १४४१६ वर फोन लाव, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट हाय अन् मराठीत बोलतात.

मेसची जुनी गिऱ्हाईक
आमच्या मेसमध्ये तीन वर्षं तेच पातळ वरण, भात अन् आलू-वांगं, म्हणून सांगतो, घरून फुटाणे, गूळ, जवसाची चटणी आण. रात्री मूठभर हरभरा भिजू घाल, सकाळी त्यावर लिंबू पिळून खा, लिंबानं लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवते. पण ८.४ आहे तर नुसत्या हरभऱ्यानं भागणार नाही, ताई सांगते ते आधी कर.

प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे आभार. आत्ताच आईले फोन केला. तिनं सांगितलं की मामाच्या पोराले सिकलसेल आहे, हात-पाय दुखून तो सारखा भरती असते, मले आजवर "त्याले वात आहे" एवढंच माहीत होतं. आई उद्याच्या पहिल्या एसटीनं येते. पीएचसीत दोघीचंही रक्त देतो.